साडेसहाची साधना

मी योग करत नाही. कधीच केलेला नाही. हे एवढं लिहायला मला बावीस वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर मी उठून खोलीचं दार नीट लागलंय ना, ते पाहून आलो.

आमच्या इमारतीत हे कुणाला सांगितलंत तर लोक तुम्हालाच वेड्यात काढतील. इमारतीत मला 'योगीराज' म्हणतात. जिन्यात भेटलेली माणसं माझ्याकडे बघून पोट आत घेतात. एकदा तळमजल्यावरच्या एका बाईंनी आपल्या नवऱ्याला माझ्यादेखत सुनावलं होतं, "बघा जरा यांच्याकडे, साठीला आले तरी चेहऱ्यावर काय शांती आहे." ती शांती नव्हती. त्या दिवशी माझी दाढ काढली होती आणि निम्मा चेहरा बधिर होता.

मूळ प्रकरण अगदी साधं. लेक नुकतीच झाली होती, आई आमच्याकडे राहायला आली होती आणि घर अडीच खोल्यांचं. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. दिवसाचे आठ तास लोक माझ्याशी नळाबद्दल बोलतात. पाणी कमी आलं, गढूळ आलं, शेजाऱ्याला आधी आलं. एक गृहस्थ तर पाणी वेळेवर आल्याची तक्रार घेऊन आले होते, कारण ते तेव्हा घरी नव्हते. तिथून सुटून घरी यावं तर पाळणा, रेडिओ, मिक्सर आणि 'ऐकलंत का'. मला फक्त अर्धा तास कुणाचं काही ऐकायचं नव्हतं. म्हणून एका सकाळी मी जाहीर केलं, "उद्यापासून मी सकाळी साडेसहा ते सात योग करणार. दार लावून. मध्ये कुणी हाक मारायची नाही."

मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, एक लोखंडी कपाट आणि जुनी सतरंजी आहे. मी सतरंजीवर भिंतीला टेकून बसायचो. बसल्या बसल्या डोळा लागायचा. नाही लागला तर छताकडे बघायचो. एवढाच माझा योग. आठवड्याभरात पकडला जाईन अशी माझी खात्री होती, पण झालं भलतंच. पेपर वाचणाऱ्या माणसाला कुणीही हाक मारतं, झोपलेल्याला तर 'झोपलायस का' असं विचारूनच उठवतात, पण योग करणाऱ्या माणसाची घरावर काय जरब बसते म्हणता! आईनं रेडिओ बंद केला. लेक रांगायची थांबून चालायला लागली ती साडेसहा ते सात चवड्यांवरच. बायको सातच्या आत मिक्सर लावीना. दाराची बेल वाजली तर ती फट उघडून हळूच सांगायची, "ते योगात आहेत. सातनंतर या."

आई गेली, लेक शिकून नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, मिक्सर तीन बदलले. अर्धा तास तसाच राहिला. मी काही फार मागणारा माणूस नाही. बढती मागितली नाही, खिडकी बदलून मागितली नाही. पण तो अर्धा तास माझा होता आणि तो जाऊ नये, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा होती.

तो जायची वेळ एका रविवारी सकाळी सात वाजून एक मिनिटानं आली. बेल वाजवून कवायत मास्तर आत शिरले. कवायत मास्तर म्हणजे आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त व्यायामशिक्षक आणि इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. ते बोलत नाहीत, हुकूम सोडतात.

"योगीराज, वार्षिक संमेलन. चार आठवड्यांनी. विषय, योग : उगम, परंपरा आणि प्रकार. चाळीस मिनिटं भाषण, वीस मिनिटं प्रात्यक्षिक. वक्ते तुम्ही."

"मी? अहो, बाहेरून एखादा जाणकार बोलवा ना."

"बावीस वर्षं साधना करणारा माणूस इमारतीत असताना बाहेरचा कशाला? पत्रक छापायला दिलंय. विश्राम!"

मास्तर गेले. मी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीकडे पाहत होती. मला वाटलं, हीच ती वेळ. सांगून टाकावं. मी घसा साफ केला. "अगं, मी काय म्हणतो, हे योगाचं जे आहे ना…"

"नाही म्हणायचं नाही," ती इतक्या पटकन म्हणाली की मी दचकलो. "नाही म्हटलंत तर लोक विचारतील, का नाही. मग आणखी विचारतील. नीट वाचा, नीट बोला आणि मोकळे व्हा."

माझ्या साधनेवर बायकोची एवढी श्रद्धा आहे हे पाहून मला फार अपराधी वाटलं. मी मुकाट्यानं वाचनालयात गेलो.

वाचनालयात योगावर दोन फळ्या भरून पुस्तकं होती आणि त्यांतली कुठलीही दोन एकमेकांशी सहमत नव्हती. योग किती जुना? एक म्हणतं, पाच हजार वर्षं, पुरावा म्हणजे मातीखाली सापडलेल्या एका मुद्रेवर मांडी घालून बसलेली आकृती. दुसरं म्हणतं, ती आकृती नुसतीच बसलेली आहे, योग करते कशावरून? या दुसऱ्या लेखकाचा मला रागच आला. माणूस बसलाय तर बसू द्या ना, चौकशी कशाला हवी? तिसरं म्हणतं, आज आपण जी आसनं करतो त्यांतली पुष्कळशी गेल्या शे-दीडशे वर्षांत आखाड्यातल्या आणि कवायतीच्या व्यायामात मिसळून तयार झाली. हे पुस्तक मी मास्तरांच्या नजरेला पडू नये म्हणून फळीवर उलटं ठेवून आलो.

मग योगाची आठ अंगं निघाली. मला वाटत होतं, योग म्हणजे आसनं. तर आसन आपलं तिसऱ्या नंबरावर. त्याआधी यम आणि नियम. त्यानंतर श्वास, मग इंद्रियं आवरणं, मग मन एका जागी लावणं, मग ध्यान, आणि शेवटी समाधी. मी मोठ्या उमेदीनं पहिलं अंग उघडलं. यम पाच. पहिला अहिंसा. ठीक आहे, मी कुणाला मारत नाही. दुसरा सत्य. मी पुस्तक मिटलं. पाच हजार वर्षांच्या शास्त्रात मी दुसऱ्याच शब्दाला नापास झालो होतो.

थोडा आधार एका ठिकाणी मिळाला. आसन म्हणजे मुळात स्थिर आणि सुखानं बसणं, असं जुन्या मुनींचं म्हणणं निघालं. हात-पाय गळ्यात अडकवण्याचा त्यात उल्लेख नाही. स्थिर मी होतो. सुखात होतो. त्या हिशेबानं तिसरं अंग मी बावीस वर्षं विनाखंड केलं होतं. फक्त हे प्रात्यक्षिक म्हणून वीस मिनिटं लोकांना दाखवायचं कसं, हा प्रश्न होता.

एव्हाना पत्रक लागलं होतं आणि सल्ले सुरू झाले होते. सल्ला मागितल्याशिवाय देऊ नये असा एक यम त्या मुनींनी का घातला नाही, कोण जाणे. पहिल्या आल्या समोरच्या घरातल्या वाफवाल्या वहिनी. त्या तापवलेल्या खोलीतला योग करतात. खोली भट्टीसारखी तापवायची आणि त्यात घाम निथळेपर्यंत आसनं करायची.

"भाऊजी, तुमचा योग गारठलेला आहे," त्या म्हणाल्या. "उष्णतेशिवाय सांधे उघडत नाहीत. नुसतं बोलू नका, एकदा अनुभव घ्या. म्हणजे भाषणात जोर येईल."

त्यांनी मला त्यांच्या न्हाणीघरात नेलं. आत एक हीटर, चार बादल्या कढत पाणी आणि बसायला प्लॅस्टिकचा पाट. "दहा मिनिटं श्वासावर लक्ष ठेवा," असं सांगून त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं. श्वासावर मी लक्ष ठेवलं, कारण तो जायला निघालाच होता. चौथ्या मिनिटाला माझा चष्मा वाफेनं बंद झाला. पाचव्या मिनिटाला मी दार ठोठावलं. "छान!" बाहेरून वहिनी म्हणाल्या, "आतला विरोध बाहेर पडतोय!" दहाव्या मिनिटाला विरोध संपला होता आणि मी पाटावरून खाली सरकलो होतो. माझे सगळे सांधे उघडले हे खरं. ते पुन्हा बंद होईनात, म्हणून मला दोघांनी धरून घरी आणलं.

हे कळताच पहिल्या मजल्यावरचे दोरीवाले काका संतापून आले. त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान आहे आणि त्यांचा योग पट्टे, ठोकळे, खुर्च्या आणि भिंतीतले हुक यांच्या आधारानं चालतो. "वाफ कसली घेता? शरीराला रेषेत आणायला हवं," ते म्हणाले. "खांदा कुठे, माकडहाड कुठे, याचं माप पाहिजे. तुम्ही भाषणात आमची पद्धत पहिली सांगा." मी म्हटलं, सगळ्याच सांगेन. "सगळ्या कशाला? बाकीच्या चुकीच्या आहेत."

त्यांनी आमच्या मागच्या खोलीच्या दाराला वरून पट्टा अडकवला, तो माझ्या कमरेतून घेतला, मला पुढे वाकवलं आणि पायाखाली दोन लाकडी ठोकळे सरकवले. मी चक्क अर्धा अधांतरी होतो. कणा मोकळा झाल्यासारखा वाटत होता. तेवढ्यात काकांचा फोन वाजला. दुकानात कुणीतरी चुकीच्या मापाच्या खिळ्यांबद्दल हुज्जत घालत होतं. काका "आलोच" म्हणून गेले ते गेलेच. बायको बाजारात गेली होती. दार उघडावं तर मीच दाराला बांधलेला. पाऊण तास मी जमिनीकडे बघत लोंबकळत होतो. त्या खोलीत मला पहिल्यांदाच कुणीतरी हाक मारावी असं वाटत होतं, आणि इतक्या वर्षांच्या वळणामुळे जिन्यातूनही कुणी मारली नाही.

बायको आली, तिनं पट्टा सोडला, आणि पाणी आणून दिलं. वर म्हणाली, "प्रकारांची यादी पाठ झाली का?"

इकडे सभागृहाचं घोडं अडलं होतं. नगर कार्यालयाचं सभागृह मिळवायला अर्ज लागतो, आणि 'अर्ज वक्त्यानंच करावा' असा मास्तरांचा हुकूम. आयुष्यभर मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. बाहेरच्या बाजूनं खिडकी किती उंच असते ते मला त्या दिवशी कळलं. आतले कारकून चष्म्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाले, "कार्यक्रमाचा प्रकार लिहिलेला नाही. क्रीडा, शिक्षण, धार्मिक, करमणूक की आरोग्य?"

"योगावर व्याख्यान आहे."

"ते कशात येतं?"

"तसं सगळ्यातच थोडं थोडं."

"एकाच चौकटीत खूण करायची आहे. क्रीडा असेल तर पंचाचं संमतिपत्र. शिक्षण असेल तर अभ्यासक्रम. धार्मिक असेल तर आजूबाजूच्यांची ना-हरकत. करमणूक असेल तर शेजारची खिडकी, ती मंगळवारी उघडते."

मागे रांग वाढत होती. मी त्यांना थोडक्यात योग समजावून सांगायला घेतला. म्हटलं, याचे मार्ग अनेक. कुणी ज्ञानानं जातो, कुणी भक्तीनं, कुणी फळाची आशा न धरता काम करून.

"म्हणजे नक्की काय काम?"

"आपण करतो तेच. फक्त त्यातून काही मिळावं अशी अपेक्षा ठेवायची नाही."

"ते आम्ही इथे करतोच आहोत," कारकून म्हणाले. "स्थापना कधीची?"

"काही हजार वर्षांपूर्वीची."

"नक्की साल?"

"त्याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत."

"मग आधी ते मिटवून या."

मी हात जोडले. मीही खिडकीवर बसणारा माणूस आहे, असं सांगितलं. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच माणुसकी दिसली. त्यांनी एक खालची चौकट दाखवली, 'इतर'. 'इतर'ला काहीच लागत नाही. फक्त वक्त्यानं स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यायचं, की आपण या विषयाचे किती वर्षं प्रत्यक्ष जाणकार आहोत. आणि मी, तक्रारींच्या खिडकीवरचा सरळमार्गी माणूस, तिथे उभं राहून लिहिता झालो : 'मी खाली सही करणार लिहून देतो, की मी गेली बावीस वर्षे दररोज नियमितपणे योगसाधना करीत आहे. वरील मजकूर खोटा आढळल्यास होणाऱ्या परिणामांस मी जबाबदार राहीन.' इतकी वर्षं तोंडी असलेलं खोटं आता तीन प्रतींत झालं आणि प्रत्येकीवर गोल शिक्का बसला.

त्या शिक्क्यानं माझी झोप उडाली. म्हणजे सकाळची. सतरंजीवर बसलो की डोळ्यापुढे ते प्रात्यक्षिक यायचं. शेवटच्या आठवड्यात मी ठरवलं, निदान एक तरी आसन खरोखर शिकावं, आणि शिकायचं तर शीर्षासन. तिथेही मास्तर टपकलेच. "डोकं खाली! पाय वर! घाबरायचं काय?" ते शिट्टी वाजवत म्हणाले. पाय वर गेले. वर जाऊन ते थांबतील अशी माझी समजूत होती. ते पलीकडे गेले, लोखंडी कपाटावर आदळले आणि कपाटावरची जुनी सुटकेस माझ्या पोटावर आली. मान जी डावीकडे वळली, ती तिथेच राहिली. डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर असंच राहील, आणि विचारलं, "योग वगैरे करता का काही? नसाल तर सुरू करा."

संमेलनाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. माझी मान डावीकडे असल्यामुळे मला निम्मेच श्रोते दिसत होते. उजव्या बाजूचे लोक नंतर तक्रार करत होते, की मी त्यांना उद्देशून एक वाक्य बोललो नाही. डाव्या बाजूला पहिल्याच रांगेत बायको बसली होती. भाषणभर मला तिच्याकडेच बघावं लागलं.

आणि सांगायला संकोच वाटतो, पण भाषण चांगलं झालं. मुद्रेवर बसलेल्या माणसापासून सुरुवात केली. आठ अंगं सांगितली, सत्यापाशी जरा घाईनं पुढे सरकलो. शरीर तापवणारा हठयोग, मन आवरणारा राजयोग, मग आजचे प्रकार. कुणी श्वासाच्या लयीत एका आसनातून दुसऱ्यात वाहत जातं, कुणी एकाच आसनात पाच-पाच मिनिटं सैल पडून राहतं, कुणी खुर्चीवर बसून करतं. "वाफेतला राहिला!" वहिनी ओरडल्या. "वाफ म्हणजे योग नव्हे!" दोरीवाले काका उठले. "दोऱ्या बांधून तुम्ही कपडे वाळत घाला," वहिनी म्हणाल्या. मास्तरांनी शिट्टी वाजवून दोघांना खाली बसवलं आणि सूर्यनमस्कारावाचून बाकी सगळे फाजील लाड आहेत, असं अध्यक्षपदावरून जाहीर केलं. इंद्रियं आवरण्याचं पाचवं अंग मी नुकतंच समजावलं होतं.

"आता प्रात्यक्षिक!" मास्तर गरजले. दोघांनी व्यासपीठावर सतरंजी अंथरली. पोरं पुढे येऊन बसली.

मी सतरंजीसमोर उभा राहिलो. मान वाकडी, कंबर धरलेली, आणि कार्यालयात तीन प्रतींत माझं खोटं. मला एकाएकी या सगळ्याचा मनस्वी कंटाळा आला. वाफेचा, पट्ट्यांचा, शिट्टीचा आणि स्वतःचाही. वाटलं, जाऊ दे तो अर्धा तास. समोर बायको बसलीय, तिच्या तोंडावर खरं सांगावं आणि सुटावं. मी ध्वनिक्षेपक हातात घेतला. "मित्रहो, खरं सांगायचं तर गेली बावीस वर्षं मी…"

"थांबा!"

बायको उभी राहिली होती. लग्नाची वेळ सोडली तर ती कधी चार लोकांसमोर उभी राहून बोललेली मी पाहिली नव्हती. ती वळली आणि सगळ्यांना म्हणाली, "ही बावीस वर्षं मी यांच्याच घरात राहते. मला यांनी एकदाही करून दाखवलेलं नाही. दार लावूनच करतात. मग तुम्हाला काय म्हणून दाखवतील?"

मागून कुणीतरी म्हणालं, "खरी साधना!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दोरीवाले काकांनी डोळे पुसले. मास्तरांनी मला कडक सलाम ठोकला. मी मान डावीकडे असतानाच नम्रपणे झुकवायला गेलो आणि कळवळलो, तेही लोकांना भावपूर्ण वाटलं.

आम्ही घरी आलो. तिनं दिवा लावला, चपला जागेवर ठेवल्या. मी म्हटलं, "अगं, मला तुला एक सांगायचंय. मी त्या खोलीत…"

"झोपता," ती म्हणाली. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. योग करणारा माणूस घोरतो का कधी?"

मी खुर्ची ओढून घेतली. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? आणि आज माझ्यासाठी…"

"तुमच्यासाठी?" ती खरोखरच वैतागली होती. "अहो, तुम्ही आत गेलात की आई रेडिओ बंद करायच्या. पोरगी हाक मारायची नाही. मिक्सर लावायचा नाही, भांडं वाजवायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. बेल वाजली तरी ते योगात आहेत म्हणून दार लावून घ्यायचं. दिवसभरात तेवढाच अर्धा तास कुणी मला काही मागत नाही. आणि तुम्ही निघालात तिथे उभं राहून खरं बोलायला! तुमचं काय जात होतं? उद्यापासून साडेसहाला माझ्यामागे पुन्हा सगळं लागलं असतं."

"तू काय करतेस त्या वेळात?"

"काही नाही. स्वयंपाकघरात स्टुलावर बसते."

"आणि?"

"आणि काय? बसते."

मला लाज वाटली, आणि ती शब्दांत मांडावी एवढी माझी तयारी नव्हती. आठ तास नळांबद्दल ऐकणारा मी, या घरात ऐकून ऐकून थकणारं आणखी कुणी असेल हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या अर्ध्या तासासाठी ती तळहाताचा पाळणा करून बसली आहे, असं मी धरून चाललो होतो. तिनं माझ्यावर एकही उपकार केलेला नव्हता. ती आपली जागा राखत होती, आणि चार महिने वाफ घेतली असती तरी मला हे कळलं नसतं.

"दार आणखी जरा ओढून घेत जा," जाता जाता ती म्हणाली, "घोरणं ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी मागच्या खोलीत गेलो, दार घट्ट ओढलं आणि बसलो. झोप लागली नाही. पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. पाचेक मिनिटं गेली असतील, तोच बेल वाजली. जिन्यात बरीच माणसं असावीत. मास्तरांचा हुकूम दारातून थेट माझ्यापर्यंत आला, "वहिनी, योगीराजांना सांगा, आजपासून रोजचा वर्ग! अकरा जण सतरंज्या घेऊन हजर आहेत!"

मी उठणार होतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आज आपण दार उघडावं आणि तिला बसू द्यावं. पण कडीला हात लागेपर्यंत बाहेरचं दार उघडलं होतं आणि बायकोचा आवाज आला होता, हळू पण स्पष्ट.

"ते बसलेत," ती म्हणाली. "आणि मीही बसलेय. वर्ग तुमच्याकडे घ्या."

दार लागलं. स्टूल पुन्हा सरकलं, आणि मी कडीवरचा हात काढून आवाज न करता खाली बसलो.